ताई, घंटेचं चित्र पूर्ण झालं

प्रिय ताई,

नाव लिहू नकोस असं तू फोनवर दोनदा बजावलंस, म्हणून लिहीत नाही. सर्व्हरचंही नाव नको. जे तिथं होते त्यांना चार ओळींत कळेल, जे नव्हते त्यांचं नावावाचून काही अडणार नाही. पत्र मात्र उघडं लिहितेय. माझ्याबद्दल जे बोललं गेलं ते सगळ्यांसमोर बोललं गेलं, आणि तू जे केलंस त्यातलं निम्मं अजून कुणालाच माहीत नाही. हे मला चार वर्षं खुपतंय.

इतरांसाठी थोडं मागचं सांगते. २०२० चा लॉकडाऊन. शाळा मोबाईलमध्ये आलेली, चित्रकलेचा तास तर तिथंही नाही. अशात बारावीतल्या एका दादानं डिस्कॉर्ड नावाच्या गप्पांच्या ॲपवर मराठी चित्रकारांसाठी सर्व्हर, म्हणजे एक मोठा ग्रुप, काढला. चित्रकार म्हणजे आम्हीच, तेरा ते अठरा वर्षांची पोरं. बरीचशी नाशिक, सिन्नर, चांदवडकडची, थोडी पुण्याची, एक लातूरचा. गप्पांसाठी 'कट्टा', चित्रं टांगायला 'भिंत', आणि 'टीका चालेल' नावाचं एक चॅनेल, म्हणजे ग्रुपातलीच वेगळी खोली, जिथं टीका कुणालाच चालायची नाही. आमचं नाशिकच्या सिडकोत दोन खोल्यांचं घर. रात्री दहानंतर आईचा फोन मला मिळायचा, त्यावर आयबिस पेंट या ॲपमध्ये मी बोटानं चित्रं काढायचे. पहिल्या मांजराला चौदा बदाम आले. त्या रात्री मी पुन्हा पुन्हा उठून ते मोजले.

सुरुवातीचे सहा महिने खरंच छान होते, हेही लिहायला हवं. हाताची बोटं काढता येत नाहीत म्हणून मी रडकुंडीला आले होते, तर लातूरच्या त्या मुलानं स्वतःच्या हाताचे वीस फोटो काढून पाठवले. ओळख ना पाळख.

मग माणसं वाढली आणि दादानं नावांना रंग द्यायला घेतले. ज्याचा सर्व्हर त्याला तिथं सगळं करता येतं. कुणाचंही नाव रंगवता येतं, इतरांना दिसणार नाही असं चॅनेल उघडता येतं, नको त्याला एका टिचकीत बाहेर काढता येतं. सात जणांची नावं सोनेरी झाली. सोनेरी नावाचं चित्र आलं की भिंतीवर पिन, म्हणजे कायम दिसेल असं टाचलेलं, तेच सर्व्हरच्या इन्स्टावर, आणि 'महिन्याचं चित्र' आलटून पालटून त्यांच्यातच. वाढपी ओळखीचा असला की पंगतीत कुठंही बसलं तरी ताटात जिलेबी पडते, तसं. बाकीच्यांची चित्रं दहा मिनिटांत वर सरकून दिसेनाशी व्हायची. कुणी विचारलंच, तर 'जेलस आहेस का?' एवढ्यावर विषय संपायचा.

२०२१ च्या जुलैत माझंही नाव सोनेरी झालं.

हे मी आजवर कुठं सांगितलेलं नाही. त्या भानगडीतली 'बिचारी' म्हणूनच लोक मला ओळखतात. पण ऑक्टोबरात माझ्या अंगावर आलं ते कसं चालतं, हे मी फक्त सोनेरी नावांना दिसणाऱ्या आतल्या चॅनेलमध्ये बसून तीन महिने पाहिलं होतं, आणि हसलेही होते.

ऑक्टोबरात जगभर लोक शाईनं रोज एक चित्र काढतात. जेक पार्कर नावाच्या चित्रकारानं २००९ मध्ये स्वतःला सवय लागावी म्हणून ते सुरू केलं होतं. आम्ही आमची मराठी शब्दांची यादी केली होती. चौदाव्या दिवसाचा शब्द होता 'घंटा'. त्या वयाची पोरं आणि हा शब्द! दिवसभर कट्ट्यावर दुसरं काही झालंच नाही. मी मात्र सरळमार्गी, नारोशंकराची घंटा काढली. बाहेरगावच्यांसाठी सांगते : रामकुंडाजवळ गोदेच्या काठी १७४७ मधलं देऊळ आहे, त्याच्या तटावर नदीच्या अंगाला कमानीत ती टांगलीय. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्या विजयाची ती खूण. पूर आला की नाशिककर पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं ते विचारतात, आणि फारच चढलं तर घंटेच्या गोष्टी निघतात. रविवारी आईबरोबर गेले होते तेव्हा घाटावरून मी फोटो काढला आणि समोर ठेवून चित्र केलं.

रात्री साडेअकराला एका सोनेरी नावानं इंटरनेटवरचा कुठलासा फोटो टाकला, त्यावर माझं चित्र अर्धं पारदर्शक करून चढवलं आणि खाली लिहिलं, 'ट्रेस.' म्हणजे फोटोवर ठेवून गिरवलेलं. कमान कमानीवर, घंटा घंटेवर, अगदी चपखल. मी म्हटलं, फोटो माझा आहे. दाखव. तो जागा नाही म्हणून पुसलेला. बरं, चित्र काढतानाचा प्रोसेस व्हिडिओ दाखव. आयबिस तो आपोआप साठवतं, पण बत्तीस जीबीच्या फोनवर मी ती सोय बंद केलेली. लेअर, म्हणजे चित्राचे वेगवेगळे थर, दाखव. तेही एकत्र करून टाकलेले, कारण फोन अडकायचा. मला स्वतःलाच ते खोटं वाटायला लागलं. सकाळपर्यंत माझी जुनी मांजरंसुद्धा कुणाकुणाच्या फोटोंवर चढवून झाली होती. नावाचा सोनेरी रंग गेला. ज्यांच्याशी मी रोज बोलायचे त्यांनी माझ्या खासगी गप्पांचे स्क्रीनशॉट कट्ट्यावर टाकले. दादा म्हणाला, 'मी न्यूट्रल आहे', आणि त्या आरोपाची पिन तशीच ठेवली.

तू तेव्हा मॉडरेटर होतीस, पण नावापुरतीच. पंचवीस-सव्वीस वर्षांची, आमच्या हिशेबानं म्हातारी. तुझं सर्व्हरवरचं काम म्हणजे जाहिरातींचे मेसेज पुसणं. आतल्या चॅनेलमध्ये तुला घेतलंच नव्हतं. माझ्या बाजूनं तू एक शब्द लिहिला नाहीस, आणि त्याचा मला तेव्हा राग आला होता.

रविवारी दुपारी तू भिंतीवर तीन फोटो टाकलेस. एक सकाळी सातचा, एक आठचा, आणि तिसरा घाटावर फुलं विकणाऱ्या काकांच्या फोनमधून काढलेला. तिन्ही एकावर एक चढवलेले. कमान कमानीवर, घंटा घंटेवर. खाली दोनच ओळी होत्या, मला पाठ आहेत : 'घाटावर जिथं उभं राहिलं की घंटा कमानीच्या मधोमध दिसते, तिथंच सगळे उभे राहतात. आकार कसा दिसेल हे तुम्ही कुठं उभे आहात त्यावर ठरतं, झूम कितीही करा.' एवढंच. 'हिनं ट्रेस केलेलं नाही' असं तू म्हटलंच नाहीस. ट्रेस कसं ओळखायचं ते मात्र नंतर कुणीतरी विचारल्यावर सांगितलंस : लेन्समुळे फोटोत कडेचे खांब वाकतात, ट्रेस करणारा ते वाकडेच उतरवतो, डोळ्यांनी बघून काढणारा सरळ करतो. माझ्या चित्रातले खांब सरळ होते. कुणीतरी ते मोठं करून पाहिलं आणि कट्टा एकदम गप्प झाला.

त्याच रात्री तुझा मेसेज आला. 'भेटायचं का? आईला घेऊन ये. आई नसेल तर नको.'

आई आधी हबकली. इंटरनेटवरची बाई, कोण कुठली. गंगापूर रोडला मिसळीच्या ठिकाणी आपण बसलो आणि तिनं पहिलाच प्रश्न टाकला, "तुम्ही करता काय?" तू म्हणालीस, "अंबडला एका कंपनीत ड्राफ्ट्समन आहे, काकू. दिवसभर नट-बोल्टांची चित्रं काढते." आईचा चेहरा तिथंच सैल झाला. आपल्या मुलीनं चित्रं काढून पोट कसं भरायचं, हा तिचा खरा प्रश्न होता, आणि समोर चित्रांवर पगार घेणारी बाई दही कालवत बसली होती.

आई हात धुवायला उठली तेव्हा तू फोन माझ्याकडे सरकवलास. आतल्या चॅनेलचा ऑगस्टमधला स्क्रीनशॉट. आठवीतल्या एका मुलीनं अॅनिमे धाटणीचा गणपती काढला होता, भले मोठे चमकते डोळे. त्याखाली माझं वाक्य : 'डोळे एवढे की उंदीर बुडेल.' त्यावर अकरा हसऱ्या चेहऱ्यांची रांग. कुणीतरी ते बाहेर कट्ट्यावर चिकटवलं होतं, आणि ती मुलगी दुसऱ्या दिवशी सर्व्हर सोडून गेली होती. मला आठवत होतं. म्हणजे, वाक्य चांगलं जमल्याचं आठवत होतं.

"हे माझ्याकडे दीड महिना आहे," तू म्हणालीस. "काल टाकलं असतं तर तुझं आणखी हसं झालं असतं. आज टाकणार नाही, उद्याही नाही. पण तुला माहीत असावं की मी हे वाचलंय." मग आई आली आणि तू तिला जिलेबी घ्या म्हणालीस.

आभार मानायचे आहेत ते या दोन मिनिटांचे. फोटोंचे कमी. फोटो टाकून तू मला वाचवलंस असं सगळे म्हणतात, पण नुसती वाचले असते तर पुढल्या महिन्यात मी परत सोनेरी झाले असते आणि परत तशीच हसले असते. मला स्वतःची ओळख आहे. मी रडत रडत आले होते, माझी बाजू घेणारं माणूस मिळेल म्हणून. तू घंटेची बाजू घेतलीस, आणि नंतर त्या आठवीतल्या मुलीची.

तिला काय लिहायचं ते तू सांगितलं नाहीस, लिही असंही म्हणाली नाहीस. मला तीन आठवडे लागले. 'सॉरी, मी जे बोलले ते चुकीचं होतं' वगैरे. चार दिवसांनी उत्तर आलं : 'पण भिंतीवर पहिला बदाम पण तूच दिला होतास ना?' मी वर जाऊन पाहिलं. दिला होता. बाहेर बदाम, आत उंदीर. यावर काय उत्तर द्यायचं हे मला अजून सुचलेलं नाही, आणि तिनंही पुढं विचारलं नाही.

सर्व्हरचं पुढं काय झालं, तेही थोडक्यात. नोव्हेंबरात तू 'महिन्याचं चित्र' आपल्याकडे मागून घेतलंस. सगळ्यांनी चित्रं तुला पाठवायची, तू ती फक्त नंबर घालून भिंतीवर लावणार, मतं पडल्यावर नावं. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षेला पेपरवर नावाऐवजी नंबर घालतो, तिथून हे सुचल्याचं तू म्हणाली होतीस. पहिल्याच महिन्यात चांदवडकडच्या एका मुलाचं चित्र आलं. कांद्याची चाळ, बॉलपेननं, पट्ट्यांच्या फटींतून आत येणारं ऊन. वर्षभरात तो कट्ट्यावर पाच वाक्यंही बोलला नसेल. सोनेरी नावांनी स्वतःच त्याला मतं दिली होती, आपल्यातलंच कुणाचं तरी असेल समजून! नाव उघडलं तेव्हाची ती शांतता मी फोन हातात धरून एन्जॉय केली, खोटं कशाला बोलू.

दादाला ते सोसलं नाही. 'सर्व्हर माझा आहे', मग तुझा मॉडरेटरचा रोल काढला, मग दोन गट, दोन नवे सर्व्हर, एकमेकांचे स्क्रीनशॉट. उन्हाळ्यापर्यंत सगळंच ओस पडलं. दादावर आता माझा राग नाही फारसा. अठराव्या वर्षी रात्री दोन वाजता चारशे जणांची भांडणं सोडवत बसलेला मुलगा होता तो, बारावी बुडवून. त्याला सांगायलाही कुणी मोठं माणूस नव्हतं. तू होतीस, पण तुला आम्ही जाहिराती पुसायला ठेवलं होतं.

मी आता अप्लाइड आर्टच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आईला अजून वाटतं की मी शेवटी नट-बोल्टच काढणार, आणि त्यात तिला आनंद आहे.

गेल्या महिन्यात परत घाटावर गेले. मुद्दाम त्या जागी उभी राहिले नाही, चार पायऱ्या खाली उतरून उजवीकडे बसले. तिथून घंटा कमानीच्या मधोमध येत नाही, अर्धी दगडाआड जाते. चार रविवार लागले, कागदावर, शाईनं. सोबत फोटो पाठवलाय. कमान डावीकडे कललीय हे मला दिसतंय. बाकी काय चुकलंय ते तू सांग, आणि त्या दिवशीच्या मिसळीचे तीन प्लेटचे पैसे किती झाले होते तेही. तू आईला बिल बघू दिलं नव्हतंस.

तुझी,
सिडकोतली मांजरवाली