बाळाला पाण्यात नेण्यापूर्वी

अॅमस्टेलव्हेन, नेदरलँड्स,
बुधवार, 17 सप्टेंबर 2025

ती. आई आणि ती. बाबा यांस साष्टांग नमस्कार.

रविवारी मी बाळाला पोहण्याच्या तलावात नेण्याचा विषय काढला आणि आई, तू नुसते "बरं" म्हणून फोन बाबांच्या हाती दिलास. त्या एका शब्दामागे काय आहे ते मला ठाऊक असल्यामुळे मी पुढे काही बोलू शकले नाही. पण तेव्हापासून मन स्वस्थ नाही, म्हणून लिहीत आहे. बाबा, हे पत्र तिला सावकाश वाचून दाखवा आणि मधली वाक्ये गाळू नका.

आम्ही नाव नोंदवले आहे, हे आधीच सांगते. वर्गाचा पहिला दिवस खरे तर 13 तारखेचा होता. पितृपक्षात, त्यातही अण्णामामाची तिथी ज्या पंधरवड्यात येते त्या दिवसांत बाळाला पहिल्यांदा पाण्यात नेलेले तुला कसे वाटेल, या विचाराने मी तो दिवस सोडला आणि शनिवार, 27 तारीख मागून घेतली. तेव्हा नवरात्र चालू असेल. तारीख बदलणे माझ्या हातात होते, ते मी केले. बेत मात्र बदललेला नाही, आणि तो का बदलला नाही हे तू शांतपणे ऐकून घ्यावेस एवढीच विनंती आहे.

आमच्या दारासमोरचा कालवा तू तीन महिने रोज पाहिला आहेस. बाळाला घेऊन गॅलरीत उभी राहिलीस की तुझी नजर त्या पाण्यावरून हलत नसे, आणि "यांना कठडा बांधायला काय होतं?" असे तू मला कितीदा तरी विचारलेस. या देशाचा जवळजवळ चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली आहे. घरासमोर, शाळेमागे, बागेच्या कडेला सगळीकडे पाणी, आणि बहुतेक ठिकाणी कठडा नाही. म्हणून येथील आईवडील मुलाला पोहायला शिकवणे हे बाराखडी शिकवण्याइतकेच आवश्यक मानतात. ए, बी आणि सी अशा तीन परीक्षा असतात, आणि मूल कालव्यात पडेल तेव्हा ते पोहण्याच्या पोशाखात नसणार, हे धरून त्या परीक्षांत मुलांना अंगावरच्या कपड्यांसह पोहून दाखवावे लागते. आपले बाळ येथे वाढणार आहे. पाण्यापासून त्याला दूर ठेवणे मला शक्य नाही. पाण्याची ओळख करून देणे तेवढे शक्य आहे.

अण्णामामाविषयी, कृष्णेवरच्या त्या मेणवलीच्या घाटाविषयी मी कधी काही विचारले नाही आणि आजही विचारणार नाही. बाबांनी शेतातल्या विहिरीत माझ्या पाठीला डबा बांधून मला उतरवले, ते तुला कळल्यावर घरात काय झाले तेही मला आठवते. माझे पोहणे त्या दिवशी थांबले आणि त्याबद्दल माझ्या मनात तुझ्यावर राग नाही, कधीही नव्हता. आठ वर्षांच्या मला एवढेच कळले होते, की त्या रात्री तू मला कुशीत घेऊन झोपलीस आणि सकाळपर्यंत माझा हात सोडला नाहीस. आता मीच रात्री तीनतीनदा उठून बाळाचा श्वास चालू आहे ना ते पाहते, तेव्हा तो हात मला पुन्हा जाणवतो. म्हणूनच एकतिसाव्या वर्षी येथे येऊन पोहायला शिकले, ते तुला इतके दिवस सांगितले नव्हते. आता सांगते. बाळाला घेऊन पाण्यात उतरणारी मी स्वतः पोहू शकते.

पाच महिन्यांचे बाळ पोहायला शिकेल, असा माझा मुळीच समज नाही. लहान बाळाच्या तोंडावर पाणी आले की ते क्षणभर श्वास धरते, पण ती उपजत प्रतिक्रिया आहे, पोहणे नव्हे. पोहण्याच्या शिकवणीमुळे मूल बुडण्याचा धोका कमी होऊ शकतो, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना म्हणते, ते वर्षाच्या पुढील मुलांविषयी. त्याआधीच्या शिकवणीने संरक्षण मिळते असा पुरावा नाही, हेही ती स्पष्ट सांगते. त्यामुळे बाळ पाण्याला सरावले म्हणून माझे लक्ष कणभरही ढळणार नाही. त्याला पाण्यात बुडवून वर काढण्याचा प्रकारही आम्ही करू देणार नाही. पुन्हा पुन्हा पोटात पाणी जाणे एवढ्या लहान जिवाला अपायकारक असते. शेजारच्या काकूंनी तुला गळ्यात हवेचे कडे घालून तरंगणाऱ्या बाळाचा व्हिडिओ पाठवला होता ना? तसले कडे आमच्या घरात येणार नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2022 मध्येच लोकांना त्यापासून सावध केले आहे. बाळाला माझे दोन हात पुरेत.

पाणी गार असेल, ही तुझी सर्वांत मोठी काळजी आहे. लहान मुलांसाठी वेगळा तलाव आहे आणि त्याचे पाणी 32 अंशांवर ठेवतात. तुझ्या न्हाणाच्या पाण्याइतके ते कढत नाही, हे खरे. म्हणून पहिल्या दिवशी दहाच मिनिटे, आणि पुढेही अर्ध्या तासाच्या वर कधी नाही. मी स्वतः खांद्यापर्यंत पाण्यात बसेन, त्याच्या काखांखाली दोन्ही हातांनी धरून त्याला तोंडासमोर घेईन, त्याचेही खांदे पाण्याखाली राहतील असे हळूहळू हलवत राहीन आणि सारखी बोलत राहीन. ओठ किंचित जरी निळसर दिसले, अंग शहारले किंवा ते रडून थांबेनासे झाले, तर दोन मिनिटे झालेली असली तरी बाहेर. तुमचे जावई काठावर टोपीचा जाड टॉवेल उघडून उभे राहतील, कारण ओल्या फरशीवर बाळ आणि पिशवी दोन्ही सांभाळत एकटीने चालायचे नाही, हे आमचे ठरले आहे. नंतर साध्या कोमट पाण्याने क्लोरीन धुऊन काढून, अंग कोरडे करून, तू दिलेले दुपटे गुंडाळून तिथेच दूध पाजीन. दूध आधीही पाजायचे आहे, पण पाण्यात उतरण्याच्या अगदी तोंडावर नाही.

लंगोटाचा प्रश्न तू विचारशीलच. नेहमीचा डायपर पाण्यात फुगतो, म्हणून पोहण्याचा वेगळा, मांड्यांना घट्ट बसणारा डायपर आणून ठेवला आहे. सर्दी, ताप असेल तर जायचे नाही आणि जुलाब झालेच तर ते थांबल्यावर 48 तास जाऊ द्यायचे. बालआरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंना, ज्यांनी तुझ्या मालिशचे कौतुक केले होते त्यांनाच, मी सर्व विचारून घेतले आहे. कानात तेल किंवा कापूस घालण्याची गरज नाही. पडदा शाबूत असला की पाणी आत जात नाही.

आई, बाळाला पाण्याची भीती वाटत नाही, याचे श्रेय तुझे आहे. पहिल्या आठवड्यात घरी येणाऱ्या सेविकेने त्याला बादलीत बसवून अंघोळ घातली तेव्हा तू तोंड फिरवलेस, आणि दुसऱ्या दिवसापासून पाय लांब करून पाटावर बसलीस, पायांवर त्याला पालथे घेतलेस. गुडघे दुखत असूनही तू ते एक दिवस चुकवले नाहीस. पाण्याची धार पाठीवर पडली की ते अजूनही तसेच गप्प होऊन ऐकते.

आता मी सांगते ते दोघांनीही ऐकायचे. आई, यंदा नऊ दिवसांचे उपास करायचे नाहीत. साखरेच्या गोळ्या उपाशीपोटी घेऊन मागच्या वर्षी काय झाले ते आठव, आणि उठता-बसता उपास करून मोकळी हो. बाबा, डिसेंबरात आम्ही वाईला येण्यापूर्वी मागच्या अंगणातल्या हौदावर लोखंडी झाकण बसवून घ्या, कडीकुलपासह. फळी ठेवून भागणार नाही. तोवर बाळ रांगत असेल आणि इतक्या लहान मुलाला बुडायला चार बोटे पाणीही पुरते, म्हणून न्हाणीघरात भरलेली बादली ठेवण्याची आपली सवय आतापासूनच मोडा. पाणी गेले तर जाऊ दे, पिंप उंचावर ठेवू.

27 तारखेला आम्ही सकाळी दहा वाजता पाण्यात उतरू. तुमच्याकडे दीड वाजलेला असेल. तलावाजवळ फोन नेऊ देत नाहीत, त्यामुळे तुम्हाला पाहता येणार नाही आणि मलाही फोन उचलता येणार नाही. अडीचच्या आत मी स्वतः फोन करीन. दोघांनी तोवर जेवून घ्या. आई, फोन तू घे, बाबांकडे देऊ नकोस.

तुमची,
मनी