अहवाल मिळाला, आमदारसाहेब. पण त्यात विधानसभा कुठे आहे?

मा. आमदारसाहेब,
स. न. वि. वि.

तुमचा पाच वर्षांचा कार्य अहवाल आचारसंहिता लागायच्या चार दिवस आधी आमच्या दारात येऊन पडला. गुळगुळीत कागद, ६४ पाने, सगळी रंगीत. मी तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. हे मुद्दाम सांगतो, कारण तुमच्या कार्यालयातसुद्धा तो कुणी इतका नीट वाचलेला दिसत नाही. पान २२ वरचे भूमिपूजन आणि पान ४७ वरचे भूमिपूजन एकाच रस्त्याचे आहे. फोटोतला शर्टही तोच आहे.

असो. अहवाल काढलात याबद्दल आधी आभार, कारण तो काढायची सक्ती तुमच्यावर कुणी केलेली नाही. महाराष्ट्र विधानसभेच्या २० नोव्हेंबर २०२४ च्या मतदानासाठी अर्ज भरताना तुम्ही नमुना २६ चे प्रतिज्ञापत्र दिले असेल. संपत्ती किती, कर्ज किती, खटले किती, शिक्षण काय, हे त्यात लिहावे लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालामुळे ही माहिती आम्हा मतदारांना मिळू लागली. पण पाच वर्षे सभागृहात बसून काय केले, याचा रकाना त्यात नाही. पहिल्यांदा उभा राहणारा पोरगा आणि तिसऱ्यांदा उभे राहणारे तुम्ही, दोघांचा फॉर्म एकच.

मी आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवले. आमदार कायदे करतो, अर्थसंकल्प मंजूर करतो, सरकारला जाब विचारतो, असे फळ्यावर लिहून देत आलो. एकदा मागच्या बाकावरून आवाज आला, ‘सर, आमदार गटारं करतात.’ वर्ग हसला, मी रागावलो. तुमचा अहवाल वाचल्यावर वाटते, त्या मुलाला पैकीच्या पैकी द्यायला हवे होते. ६४ पानांत ‘विधानसभा’ हा शब्द मला नऊ वेळा सापडला. त्यातला आठ वेळा तो ‘विधानसभा मतदारसंघ’ असा आला आहे आणि एकदा तुमच्या नावाखाली, ‘विधानसभा सदस्य’ म्हणून.

गटारांचा दोष एकट्या तुमचा नाही, हे मला कळते. मुंबई, पुणे, नागपूरसह अनेक महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. तेव्हापासून या २०२४ सालापर्यंत तिथे प्रशासकच राहिले, निवडणूक झाली नाही. नगरसेवकच नाही म्हटल्यावर माणूस तुंबलेल्या चेंबरची तक्रार घेऊन तुमच्याकडेच येणार. तुम्हीही त्याला परत पाठवत नाही, हे मी पाहिले आहे. पण ७४ व्या घटनादुरुस्तीने जे काम नगरपालिकांना दिले ते त्यांच्याकडून व्हावे, त्यांच्या निवडणुका व्हाव्यात, यासाठी तुम्ही सभागृहात कधी उभे राहिलात का? लक्षवेधी सूचना मांडलीत? नगरसेवकाची खुर्ची रिकामी राहिली की आमदाराचा फलक मोठा होतो, म्हणून तर सगळे गप्प नाहीत ना, अशी शंका येते. शंकाच आहे, आरोप नाही.

आता पैशांकडे येतो. २०२२ पासून आमदाराचा स्थानिक विकास निधी वर्षाला पाच कोटी झाला. काम तुम्ही सुचवायचे आणि मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांनी द्यायची, अशी ती पद्धत. तुमच्या अहवालातली जवळजवळ सगळी पाने या निधीची आहेत. पेव्हर ब्लॉक, समाजमंदिर, ओपन जिम, कमान, आणखी एक कमान. याच जुलैत (२०२४), निवडणुकीच्या तोंडावर, सरकारने सुमारे ९५ हजार कोटींच्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरचा जादा खर्च, विधिमंडळात मांडल्या आणि त्या मंजूर झाल्या. मंजूर कुणी केल्या? तुम्ही. तुम्ही आणि तुमच्यासारख्या इतरांनी, २८८ जणांच्या सभागृहाने. त्यात आपल्या भागाला काय आले, कोणत्या खात्याला इतके का लागले, एखाद्या मागणीवर तुम्ही बोललात का, खर्चाला कात्री लावा म्हणणारी कपात सूचना दिलीत का, याबद्दल अवाक्षर नाही. पाच कोटींचा हिशेब साठ पानांत आणि ९५ हजार कोटींचा शून्य ओळींत. घरखर्चाचा असा हिशेब कुणी दिला तर त्याच्या हातून किल्ल्या काढून घेतात.

दुसरी अडचण अशी की विधेयकांवर तुमचे मत काय होते, हे तुम्ही सांगितल्याशिवाय आम्हाला कळायला मार्गच नाही. बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने पार पडतात. ‘होय’चे बहुमत, विधेयक संमत. त्या होयमध्ये तुमचा आवाज होता, की तुम्ही त्या वेळी लॉबीत चहा घेत होतात, हे कुठेच नोंदले जात नाही. कुणी मतविभाजन मागितले तरच नावनिशी मोजणी होते, आणि ते क्वचितच मागितले जाते. २० फेब्रुवारी २०२४ ला एका दिवसाच्या विशेष अधिवेशनात मराठा आरक्षणाचे विधेयक एकमताने संमत झाले, म्हणून तिथे तरी तुमचे मत काय होते ते धरून चालता येते. बाकीच्या कायद्यांचे काय?

या विधानसभेचा काळ विचित्र होता, हेही मान्य. कोरोनामुळे सप्टेंबर २०२०, डिसेंबर २०२० आणि जुलै २०२१ ही तीन अधिवेशने दोन-दोन दिवसांत गुंडाळली गेली. फेब्रुवारी २०२१ पासून सुमारे १७ महिने सभागृहाला अध्यक्षच नव्हता. पाच वर्षांत तीन मुख्यमंत्र्यांनी शपथ घेतली. या धांदलीत प्रश्न विचारायला वेळ कमी मिळाला असेल. पण किती मिळाला आणि त्यात काय विचारलेत, एवढे तरी सांगा. तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे प्रश्न, किती दिलेत? किती स्वीकारले गेले, किती नुसतेच व्यपगत, म्हणजे उत्तराविनाच बाद झाले? मला जुनी सवय आहे, छापील प्रश्नोत्तरांच्या याद्या चाळायची. त्यातली उत्तरे आता पाठ झाली आहेत. ‘अंशतः खरे आहे.’ ‘चौकशी सुरू आहे.’ आणि सगळ्यांत लाडके, ‘प्रश्न उद्भवत नाही.’ असल्या उत्तरावर उभे राहून, ‘अध्यक्ष महाराज, हे उत्तर चुकीचे आहे,’ असे एकदा जरी तुम्ही म्हणाला असलात, तर त्याचा फोटो दोन्ही भूमिपूजनांच्या जागी छापा. माझी हरकत नाही.

कमानीपलीकडे विधिमंडळातून काय घडू शकते याचे उदाहरण मी वर्गात नेहमी देत असे. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास सुरू झालेल्या रोजगार हमी योजनेमागे त्यांचा ध्यास होता. मागेल त्याला काम, हा १९७७ मध्ये महाराष्ट्राचा कायदा झाला आणि पुढे २००५ मध्ये देशाने तशाच हमीचा कायदा केला. कोणत्या गल्लीत पागेंच्या नावाची पाटी आहे, मला ठाऊक नाही. तुमच्याकडून एवढ्या मोठ्या कामाची अपेक्षा कुणी करत नाही. मंत्री नसलेल्या आमदारालाही मांडता येते असे एखादे अशासकीय विधेयक, एखादी नेटाने लावून धरलेली दुरुस्ती, तेवढे पुरे होते.

एक गोष्ट लिहू की नको असे झाले होते, पण लिहितो. मागच्या वेळी ज्या चिन्हासमोरचे बटण आम्ही दाबले, ते चिन्ह या अहवालात कुठेच नाही. तुम्ही बाकांची बाजू बदललीत. का बदललीत याची कारणे तुमच्याकडे असतील, कदाचित पटणारीही असतील. पण ६४ पानांत त्याबद्दल एक ओळ नसावी? ज्यांच्या मतांवर गेलात त्यांना ही बातमी टीव्हीवरून कळली. तीही, खरे सांगायचे तर, तुम्ही हॉटेलच्या दारातून आत जाताना दिसलात म्हणून.

अर्ज माघारीची मुदत ४ नोव्हेंबरला संपते. त्यानंतर आमच्या वॉर्डात तुमची सभा होईलच. तोवर आणखी एक पान छापता आले तर बघा. रंगीत नको, फोटो नको. सभागृहात हजर दिवस, विचारलेले प्रश्न, मांडलेल्या सूचना, केलेली भाषणे आणि बदललेली बाजू, एवढे एका पानात मावेल. न जमल्यास मी सभेला पुढच्या रांगेत असेन आणि हेच प्रश्न चिठ्ठीवर लिहून व्यासपीठावर पाठवीन. उत्तर काहीही द्या. फक्त ‘प्रश्न उद्भवत नाही’ एवढे म्हणू नका.

आपला,
आपल्याच मतदारसंघातील एक निवृत्त शिक्षक