आजीच्या नळीबद्दल

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

रविवारी मी निघताना बाबा म्हणाले, "आईला उपाशी कसं ठेवू?" कऱ्हाड मागे पडलं तरी ते डोक्यातून जाईना. आजीला अन्न देण्यासाठी पोटात नळी बसवायची की नाही, ते शुक्रवारी डॉक्टरांना सांगायचंय. फोनवर रडू येतं, म्हणून लिहितेय.

नाकातली नळी आजीने दोनदा उपसली, म्हणून तिचा हात गॉजपट्टीने पलंगाच्या दांडीला बांधलाय. बांगडीच्या वळावरच कातडी सोलवटलीय. पोटातली नळीही ती ओढणारच. मग हात असेच बांधून ठेवायचे?

नळीने न्यूमोनिया टळेल असं मलाही वाटायचं. पण लाळ आणि पोटातून वर येणारं अन्न फुप्फुसात जायचं ते जातंच. आजीसारख्या डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) शेवटच्या टप्प्यात नळीने आयुष्य वाढतं किंवा पाठीच्या जखमा टळतात, असं दिसलेलं नाही. अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये स्पष्ट सांगितलं की अशा रुग्णांना नळी नको, जपून हाताने भरवा. लकव्यानंतर गिळणं सुधारण्याची आशा असते, तिथे नळीचा उपयोग आहे. आजीचं तसं नाही. आपण उपाशी ठेवलं म्हणून तिचं अन्न सुटलेलं नाही बाबा, आजारानेच सुटलंय.

शनिवारी नळी निघालेली होती तेव्हा आत्याने मेतकूट-भात अगदी मऊ कालवून चमच्याच्या टोकावर धरला. आजीने ओठ घट्ट मिटले. आत्या काही न बोलता तिच्या गालावरून बोट फिरवत बसली. बऱ्याच वेळाने तोंड उघडलं. चार चमचे, पस्तीस मिनिटं! तेवढा वेळ आजीचे डोळे आत्याच्या चेहऱ्यावर होते.

मला वाटतं, पोटातली नळी नको म्हणूया. नाकातली काढून हाताने भरवायचं कसं, ते डॉक्टरांकडून नीट समजून घेऊया. ताठ बसवायचं, हनुवटी जराशी खाली, एक घास गिळला की मगच दुसरा, नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. तिने तोंड मिटलं की थांबायचं, ओठ ओले करत राहायचं. ठसका लागेल, ती कमी खाईल, वाळेल, हे मला कळतं. तरीही.

आजीने कधी काही सांगून ठेवलं नाही, म्हणून आपण अंदाज बांधतोय. तुमच्या दोघांच्या बाबतीत मला अंदाज बांधायचा नाही. शेवटच्या आजारपणात कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हे आधीच लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये ते सोपं केलं. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. आई, तू विषय टाळतेस, पण या वेळी टाळू नकोस. तुम्ही जे लिहाल ते मी पाळेन, मला पटो न पटो.

पंधरा दिवसांची रजा टाकलीय, गुरुवारी रात्री पोचते. दुपारचं भरवणं माझ्याकडे. डब्यातलं मेतकूट तळाला गेलंय, येताना आणते.

तुमची,
मनू