बाय, रविवारच्या फोनबद्दल

बाय,

हे मोबाईलवर टाइप करतेय, चुका होतील, समजून घे. रविवारी तू फोन कट केलास त्याला आज पाच दिवस झाले. पप्पा म्हणाले नाइट करून आली होती ती, तिला झोपू दे, आणि खरंच मी आधी जेवलीस का, झोप झाली का हे विचारायला हवं होतं. पण मी पहिलंच काय विचारलं तर चर्चमध्ये रविवारच्या मिस्साच्या प्रार्थनेला गेलीस का. तू नाही म्हणालीस आणि माझ्या तोंडून ते महापाप वगैरे निघालं. मग तू म्हणालीस, रात्रभर मी लोकांचं गू-मूत काढते आई, आणि देव सकाळी माझी हजेरी घेणार का? ते काही डोक्यातून जात नाहीये.

म्हणून गुरुवारी सकाळच्या मिस्सानंतर फादरांना भेटले. तुझं नाव नाही घेतलं, पण त्यांना कळलं असणार. त्यांनी पुस्तकच काढलं, कॅनन लॉचं, म्हणजे चर्चच्या कायद्याचं, 1247 आणि 1248 नंबर. रविवार बंधनकारक, शिवाय सांगितलेले सण, आपल्याकडे नाताळ आणि 15 ऑगस्टचा मारियामातेच्या स्वर्गारोहणाचा. तुमच्या आयर्लंडमध्ये सण जास्त आहेत म्हणाले, सेंट पॅट्रिकचा दिवससुद्धा. शनिवारी संध्याकाळची मिस्सा केली तरी रविवारची धरतात. आणि आजारपण असेल, तान्हं बाळ असेल, आजाऱ्यांची देखभाल करायची असेल तर त्याला पाप म्हणत नाहीत. नर्स पेशंटला सोडून आली तर ते कुठलं पुण्य, असं फादर म्हणाले. म्हणजे रविवारी मी चुकले. मला माफ कर. मी पप्पांसमोर पण हे बोलले.

आणि मला हे माहीत नव्हतं असंही नाही गं. तू अडीच वर्षांची होतीस, अंगात 102 ताप, बाहेर पाऊस, आणि आजी म्हणाली रविवार चुकवायचा नाही. मी नवीन सून, काय बोलणार. तुला तिच्या लाल लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून नेलं. वेदीवर घंटा वाजली, सगळे गुडघ्यावर, आणि तू माझ्या खांद्यावर उलटी केलीस, सगळी पाठीवरून खाली. तुझी मान एवढी गरम होती की माझ्या गळ्याला चटका बसत होता. मिस्सा संपल्यावर तेव्हाचे म्हातारे फादर बाहेर आले आणि म्हणाले, बाई, तापलेलं लेकरू घेऊन या असं देवाने कधी सांगितलं? मी घरी येईपर्यंत रडत होते. त्या दिवशी मला नियमातली ही सूट कळली होती आणि पंचवीस वर्षांनी तुझ्यावर मी तोच आजीचा आवाज काढला.

आजीचं पण मी वाईट म्हणत नाही. तिच्या लहानपणी 1953 पर्यंत कम्युनियन, म्हणजे मिस्सातली ती पवित्र भाकर, घ्यायचं तर रात्री बारानंतर पाण्याचा थेंब चालायचा नाही, आता एक तासाचा उपास आहे तो आपल्याला कळतसुद्धा नाही. पहाटेच्या काळोखात बावखलाच्या, त्या तळ्याच्या कडेने कंदील घेऊन जायच्या सगळ्या बायका. मिस्सा लॅटिनमध्ये, एक शब्द समजायचा नाही, म्हणून बसून रोझरीची माळ म्हणायच्या. साठच्या दशकात मिस्सा मराठीत आली तेव्हा आजी म्हणायची की पहिल्यांदा कळलं फादर इतकी वर्षं काय बोलत होते. आणि तिच्या आईच्या पिढीत तर वर्षातून चार-पाच वेळाच कम्युनियन घ्यायचे लोक. रोज घ्या, भिऊ नका असं पोप दहावे पायस यांनी 1905 मध्ये सांगितलं तरी गावात पोचायला किती वर्षं गेली. नियम म्हणून अजूनही वर्षातून एकदा, पास्काच्या म्हणजे ईस्टरच्या काळात, एवढंच बंधन आहे. मिस्सा दर रविवारी, कम्युनियन निदान वर्षातून एकदा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला या वयात फादरांनी समजावलं. तू कन्फेशन, फादरांकडे पापांची कबुली, झालं नाही म्हणून जात नसशील तर नुसती जाऊन मागे बस. कम्युनियन नाही घेतलं तरी मिस्सा होते.

बघ, परत सुरू झाले. ठरवलं होतं या पत्रात जा म्हणायचं नाही.

कोविडमध्ये तू त्या वॉर्डात होतीस, चाळीस दिवस घरी आली नाहीस, तेव्हा मी एकदाही विचारलं का तुला मिस्साचं? देवळं बंद, बिशपांनी सगळ्यांनाच सूट दिलेली. आम्ही टेबलावर पांढरा कपडा अंथरून, मेणबत्ती लावून मोबाईलसमोर बसायचो, पप्पा तर शर्ट-पँट घालून. तू सकाळी सहाला व्हिडिओ कॉल करायचीस, नाकावर मास्कचे वळ, गाल सोललेले. मला वाटायचं माझ्या पोरीचीच मिस्सा चाललीय तिथे. हे तुला कधी सांगितलं नाही. आता सांगते.

मग आता का विचारते? पप्पांनी पण हेच विचारलं. पण बाय, तू सुट्टीच्या रविवारी पण जात नाहीस. मार्चपासून नाही गेलीस, तूच बोललीस. मागे फादरांनी प्रवचनात सांगितलं होतं, 304 साली आफ्रिकेत अबितिने गावातले 49 लोक रविवारी जमतात म्हणून पकडले, बादशहाची बंदी होती, तर ते म्हणाले रविवारच्या प्रभुभोजनाशिवाय आम्हाला जगता येत नाही. मेले ते. मी हे तुला घाबरवायला नाही सांगत. ते लोक एकमेकांशिवाय जगू शकत नव्हते असं मला ऐकताना वाटलं, फादरांनी तसं म्हटलं नव्हतं.

आजी न्हाणीत पडली तो रविवार आठवतो ना? आम्ही सगळे पुण्याला काकाच्या लग्नात. आजीची जागा ठरलेली, डावीकडे तिसरा बाक, भिंतीकडचा कोपरा. मिस्सा सुटली आणि शेजारच्या बाकावरची काकी घरी न जाता सरळ आपल्या वाडीत आली, म्हातारी दिसली नाही म्हणून. दार आतून बंद. कौलं काढून पोराला आत उतरवलं. डॉक्टर म्हणाले संध्याकाळपर्यंत राहिली असती तर गेली असती.

आणि तू ऑगस्टमध्ये चार दिवस तापात त्या खोलीत एकटी पडली होतीस. आम्हाला कळलं पाचव्या दिवशी, तेही तू हसत सांगितलंस. तिथे कुठल्या बाकावर तुझी जागा आहे? तू नाही दिसलीस तर कोण येईल बघायला? मला रात्री हेच येतं डोक्यात, पापाचं नाही येत. रविवारी मी पाप म्हणाले कारण हे बोलता आलं नाही.

आमची पोरगी कॉर्कला आयसीयूमध्ये आहे हे पप्पा देवळाच्या पायऱ्यांवर सगळ्यांना सांगतात, ज्यांना माहीत आहे त्यांनाही. मी त्यांना गप्प करते पण ऐकत उभी राहते.

सुकेळी पाठवतेय, या वर्षी चांगली वाळली आहेत, पानात बांधलेलीच ठेव, फ्रिजमध्ये घालू नकोस. पप्पांची शुगर ठीक आहे. धाकट्याचा निकाल पुढच्या आठवड्यात.

मी दर रविवारी विचारणार नाही. जमेल तेवढं नाही विचारणार. फादर म्हणाले तिकडे शनिवारची संध्याकाळची मिस्सा बऱ्याच देवळांत असते, तुझ्या खोलीपासून जवळ एखादं असेल. या शनिवारी तुझी ड्यूटी किती वाजता सुटते तेवढं कळव.

आई