लेहला निघालास म्हणून

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

लेहला उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी खारदुंगला घाट गाठायचा, असं तू काल म्हणालास. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. आई जवळ होती म्हणून फोनवर बोललो नाही.

लेह साधारण 11,500 फुटांवर आहे. तिथल्या हवेतही ऑक्सिजन आपल्या साताऱ्याइतकाच, 21 टक्के. पण हवेचा दाब मुंबईच्या जेमतेम दोन तृतीयांश. छाती भरून श्वास घेतला तरी रक्तात ऑक्सिजन कमीच पोचतो. शरीर याला सरावतं, पण त्याला दिवस लागतात. विमान मात्र दिल्लीहून दीड तासात तिथं नेऊन सोडतं.

फौजेत आम्हाला 6 दिवस पुढं चढू देत नसत. त्यातले पहिले 2 दिवस नुसती विश्रांती. 1962 च्या युद्धात सपाटीवरचे जवान घाईघाईनं वर न्यावे लागले आणि कितीतरी आजारी पडले. लष्करी डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा 1,925 जवानांचा अभ्यास 1969 साली छापला.

आमच्या तुकडीत कोल्हापूरकडचा एक पैलवान होता. डोकं ठणकत असताना गप्प राहिला, सांगायला कमीपणा वाटला. दुसऱ्या रात्री आडवं झालं की धाप, छातीत घरघर, खोकल्यातून गुलाबी फेस. फुफ्फुसांत पाणी झालं होतं. ऑक्सिजन लावून त्याला तातडीनं खाली नेलं, म्हणून वाचला. माझी खाट त्याच्या शेजारी होती. संध्याकाळी त्यानं ताट तसंच सारलेलं मी पाहिलं होतं, आणि विचारलं नाही. ते अजून सलतं.

तू रोज पळतोस, पण तिथं ते कामी येत नाही. डोकेदुखी, मळमळ असेल तर वर चढायचं नाही. कुणाचा तोल जात असेल, बोलणं असंबद्ध वाटलं किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा आणि त्याला खाली उतरवा. दारू आणि झोपेच्या गोळ्या नकोतच. डायमॉक्स, म्हणजे उंचीचा त्रास टाळायची गोळी, तिचं निघण्याआधी डॉक्टरांना विचार. सल्फा औषधांची अॅलर्जी असेल तर तेही सांग.

खारदुंगला साडेसतरा हजार फुटांवर आहे. तो चौथ्या दिवशी ठेव. तिकिटं बदलायला लागतील तेवढे पैसे मी पाठवतो. आणि तिथं डोकं दुखलं तर आईला नको, मला फोन कर. कितीही वाजलेले असोत.

तुझे,
आबा