पथ्यालाही माप हवं

॥ श्री ॥

वाळपई, सत्तरी

चि. बाबूस अनेक आशीर्वाद.

कंपनीच्या तपासणीत तुझं बीपी १५६/९८ निघालं, वेगवेगळ्या दिवशी पुन्हा पाहिलं तरी तिथेच राहिलं आणि डॉक्टरांनी टेल्मिसार्टन ४० लिहून दिली, हे मला वैदेहीकडून कळलं. गोळ्या आणल्यास, पण पाकीट अजून फोडलं नाहीस. "आधी नैसर्गिक उपाय करून बघतो, गोळी एकदा लागली की जन्माची लागते," असं तिला म्हणालास म्हणे. फोनवर हे बोलणं अर्धवट राहतं, म्हणून लिहायला बसले. सावकाश वाच, आणि वैदेहीलाही वाचायला दे.

तुझ्या इच्छेला माझा विरोध नाही. मीठ कमी करून, वजन उतरवून, झोप सुधारून बीपी खाली येतं हे आरोग्य केंद्रात इतकी वर्षं दंडाला पट्टा बांधताना मी स्वतः पाहिलं आहे. पण त्याला तू औषध मानत असशील, तर घेतलंही औषधासारखंच पाहिजे. प्रमाण ठरलेलं, रोजच्या रोज, आणि गुण येतो की नाही ते मोजून. लोक गोळी वेळेवर घेतात आणि पथ्य मात्र मनाला येईल तसं पाळतात. चार दिवस लसूण खाल्ली, पाचव्या दिवशी विसरले, मोजलं कधीच नाही. आणि पुढे सांगत फिरतात की घरगुती उपायात काही दम नाही.

गोळीचं आधी सांगते. बीपी १४० ते १५९ च्या मध्ये असेल आणि माणसाला दुसरं काही नसेल, तर डॉक्टर कधी कधी तीन महिने नुसत्या पथ्यावर बघू देतात. तुझ्या बाबतीत तसं नाही. वैदेहीने रिपोर्ट पाठवला, त्यात लघवीतून प्रथिनं जाताना दिसतात. म्हणजे या दाबाचा त्रास मूत्रपिंडाला पोचायला लागला असावा, आणि टेल्मिसार्टन जातीची गोळी बीपी उतरवतेच, शिवाय मूत्रपिंडही सांभाळते. म्हणून तीच लिहिली आहे. तेव्हा गोळी आजच सुरू कर, आणि पथ्यही आजच. गोळीची सवय लागत नाही रे, आजार राहतो म्हणून गोळी राहते. वजन उतरवलेल्या, मीठ तोडलेल्या कितीतरी लोकांच्या गोळ्या डॉक्टरांनी कमी केलेल्या मी पाहिल्या, काहींच्या बंदही झाल्या. पण केल्या त्या डॉक्टरांनी, वहीतले आकडे बघून. तुझ्या आजोबांनी "आता बरं वाटतं" म्हणून आपल्या मनाने सोडल्या होत्या. अर्धांगवायूनंतर त्यांची वाचा परत आली नाही, ते तू लहान असताना पाहिलं आहेस. बीपी वाढलं म्हणून काही दुखत नाही, त्यामुळे बरं वाटण्याला इथे काही अर्थ नाही.

आता मिठाबद्दल. याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण आपल्या गोंयकारांच्या घरात खरी गोम तिथेच आहे.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. ५ ग्रॅम म्हणजे चहाचा सपाट चमचा. त्यात हुमणातलं (माशाच्या कालवणातलं), भाजीतलं, पावातलं, लोणच्यातलं सगळं आलं. मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं, रक्ताचं आकारमान वाढतं, आणि ते जास्तीचं मीठ बाहेर टाकायला मूत्रपिंडाला जास्त दाब लागतो. वर्षानुवर्षं असं चाललं की रक्तवाहिन्यांच्या भिंती कडक होतात. मग मीठ सोडलं तरी सगळं पहिल्यासारखं होत नाही, म्हणून चाळिशीच्या आत सावरलेलं बरं.

आणि आता तर पावसाळा. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर बंद, ताजी मासळी कमी आणि महाग. म्हणजे मे महिन्यात भरून ठेवलेल्या पुरुमेंतावर दोन महिने काढायचे. सुके बांगडे, सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर, चेपणीची तोरं (मिठात मुरवलेल्या कैऱ्या), मिस्कूट (कैरीचं लोणचं), ताकातल्या मिरच्या, पापड. यातलं एकेक मिठावरच टिकलेलं. पेजेबरोबर एक भाजलेला खारा बांगडा आणि दोन तोरं खाल्लीस की दिवसभराच्या मिठाचा मोठा वाटा सकाळीच संपला. तुला हे सगळं किती आवडतं ते मला माहीत आहे, म्हणून कायमचं सोड म्हणत नाही. मासळी नसेल त्या दिवशी आळसांदे (चवळी) कर, मूग कर, अंडी आण. सुक्याची किसमूर आठवड्यातून एकदा, सुंगटं धुऊन, वरून मीठ न घालता आणि खोबरं भरपूर घालून. तोर पाण्यात घालून ठेवलं तर खार बराच उतरतो, पण त्या दिवशी लोणचं आणि पापड ताटात नको. नदीतली, मानशीतली मासळी मिळाली तर उत्तमच. ताज्या मासळीला बीपीत काही आडकाठी नाही, तळताना लावायच्या मिठा-मसाल्यावर तेवढा हात आवर.

चव जाईल याची भीती बाळगू नकोस. आपल्या हुमणाची चव तिरफळाची, सोलांची, नारळाची आणि मिरचीची असते. आंबट आणि तिखट नीट जुळलं की मीठ निम्मं केलेलं जिभेला फार खुपत नाही. पहिले दोन-तीन आठवडे अळणी वाटेल, मग जीभच बदलते. फक्त सोलं बिनमिठाची सुकी आण. बाटलीतलं कोकमाचं आगळ मिठावरच टिकवलेलं असतं, त्याची सोलकढी तू दिवसाला दोन पेले पितोस. पाव आणि पोळीतही मीठ असतं, ते चवीला कळत नाही एवढंच. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन पावांऐवजी एक वेळ नाचण्याची भाकरी किंवा उकड्या तांदळाची पेज ठेव. आणि रात्रपाळीत पुड्यातल्या नूडल्स आणि फरसाण खाणं बंद. इथे मी आठवड्यातून एकदाची सूट देणार नाही.

सैंधव मिठाने बीपी वाढत नाही असं तुझ्या मित्राने सांगितलं, त्याबद्दलही लिहिते. सैंधव, काळं मीठ, आगरवाड्याच्या आगरातलं गावठी मीठ, पाकिटातलं मीठ, सगळ्यांत मुख्य भाग सोडियम क्लोराइडच. रंग वेगळा म्हणून बीपी कमी वाढत नाही, आणि साध्या सैंधवात आयोडीन जेमतेम असतं. बाजारात 'लो सोडियम' मीठ मिळतं, त्यात काही भाग पोटॅशियम क्लोराइड असतो. चीनच्या खेड्यांत वीस हजारांहून अधिक लोकांवर त्याचा मोठा अभ्यास झाला, तो २०२१ साली प्रसिद्ध झाला, आणि तसं मीठ वापरणाऱ्या घरांत पक्षाघाताचं प्रमाण कमी आढळलं. ते चांगलं मीठ आहे. पण तुझ्यासाठी नाही! टेल्मिसार्टनने शरीरात पोटॅशियम साठतं, मूत्रपिंड थोडं जरी कमजोर असलं तर आणखी साठतं, आणि ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. गोळी सुरू केल्यावर दोन-तीन आठवड्यांत क्रिएटिनिन (त्यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं) आणि पोटॅशियमची रक्ततपासणी करायची, ती चुकवू नकोस. रोज आडसराचं, म्हणजे शहाळ्याचं, पाणी प्यावं का, हेही त्या रिपोर्टनंतरच डॉक्टरांना विचार.

ताटात काय वाढवायचं हे सांगायला सोपं आहे. अमेरिकेत १९९७ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. लोकांना भरपूर भाज्या-फळं, डाळी, कमी चरबीचं दूधदही असं जेवण दिलं. मीठ आणि वजन मुद्दाम बदलू दिलं नाही. ज्यांचं बीपी आधीच जास्त होतं त्यांचा वरचा आकडा सरासरी ११ ने खाली आला, आणि फरक दोन आठवड्यांतच दिसू लागला. एका गोळीने येतो जवळजवळ तेवढा फरक. आपल्याकडे त्याला काही वेगळं आणावं लागत नाही. तांबडी भाजी, मुळ्याचा पाला, पावसात येणारी तेरं आणि तायखिळा, भेंडी, दोडकी, कुळागरातली केळी. पानात अर्धी भाजी, पाव भाग भात, पाव भाग मासळी किंवा कडधान्य. भाताचा डोंगर कमी झाला की वजनही उतरेल. वजनाचा हिशेब ढोबळमानाने असा की एक किलो उतरलं की वरचा आकडा सुमारे एकाने उतरतो. लग्नानंतर तुझं जेवढं वाढलं, तेवढं तरी उतरव.

आता त्या चूर्णाबद्दल, जे तू मोबाइलवरून मागवलंस. वैदेहीने डब्याचा फोटो पाठवला. 'शंभर टक्के नैसर्गिक' असं लिहिलं आहे, पण आत कोणती वनस्पती किती, ते नाही. बाबू, वनस्पतीत ताकद नसते असं मी कधीच म्हणणार नाही. सर्पगंधा घे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये बीपीच्या रुग्णांवर सर्पगंधेचा किती गुण येतो ते मोजून मांडलं, तेव्हा जगाचं तिच्याकडे लक्ष गेलं. १९५२ साली तिच्या मुळातून रिसर्पिन वेगळं काढलं आणि ते पुढे देशोदेशी वापरलं गेलं. आपल्या घाटाच्या जंगलातली ही मुळी, मला तिचा अभिमान आहे. पण त्याच रिसर्पिनने मन खचतं, ठोके मंदावतात, नाक चोंदतं, हेही दिसलं. ती खरंच काम करते, म्हणूनच ती मापाशिवाय घ्यायची नसते. आयुर्वेद घ्यायचा तर नोंदणी असलेल्या वैद्याकडे जा, त्यांना तुझी गोळी दाखव आणि डॉक्टरांना त्यांचं औषध दाखव. बिननावाच्या चूर्णाचा डबा मात्र टाकून दे.

लसणीने थोडा उतार पडतो, जेवणात खुशाल घे. लाल अंबाडीच्या बोंडांचा काढाही थोडं बीपी उतरवतो. पण हे दोन-चार आकड्यांचे उपाय, १५६ वरून १३० वर नेणारे नव्हेत. आणि खोकल्यावर तू जो ज्येष्ठमध चघळतोस, तो बंद कर. तो जास्त दिवस घेतला तर शरीरात मीठ-पाणी अडवतो आणि बीपी वाढवतो. कंबर दुखली की दुकानातून आणतोस त्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनच्या गोळ्याही तशाच, आणि टेल्मिसार्टनबरोबर त्या मूत्रपिंडाला घातक. सर्दीच्या काही गोळ्यांनीही बीपी वाढतं. दुखलं तर आधी मला फोन कर.

हुर्राकाचा (काजूच्या दारूचा) मोसम संपला, पण शनिवारच्या बैठका चालू आहेत, हे मला माहीत आहे. फेणी घरच्या भट्टीतली असली म्हणून ती बीपीला वेगळी लागत नाही. बंदच केलीस तर मला फार बरं वाटेल.

घोरण्याचं मात्र मला सर्वांत जास्त लागून राहिलंय. वैदेही म्हणते, तू घोरता घोरता मध्येच थांबतोस आणि मग दचकून श्वास घेतोस. झोपेत श्वास अडला की शरीर रात्रभर घाबरलेलं राहतं, आणि दाब सकाळीही उतरत नाही. असल्या माणसाचं बीपी कधी कधी तीन-तीन गोळ्यांनाही दाद देत नाही. डॉक्टरांना हे आपणहून सांग, ते झोपेची तपासणी लिहून देतील. पाळ्या बदलत राहतात, त्यावर तुझा इलाज नाही. पण रात्रपाळीनंतर खोली काळोखी करून सलग झोप, फोन दुसऱ्या खोलीत ठेव. चालण्याबद्दल काय सांगू, बायणा किंवा बोगमाळोचा किनारा जवळ आहे, रोज अर्धा तास भरभर चाल, पावसात घरातच जिने चढ-उतर कर.

आता मोजणं. आधी अर्धा तास चहा नको, सिगरेट नको. लघवी करून ये, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बस. हात टेबलावर, दंड हृदयाच्या उंचीला, पट्टा उघड्या दंडावर. मोजताना बोलायचं नाही. मिनिटभराच्या अंतराने दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी, असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढ. घरी १३५/८५ च्या वर राहिलं तर ते जास्तच समजायचं. एखादा आकडा चढला म्हणून घाबरून दहादा मोजू नकोस. मात्र १८०/१२० च्या वर गेलं आणि छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं यातलं काहीही असलं, तर तिथल्या तिथे १०८ ला फोन. माझ्या फोनची वाट बघायची नाही.

वहीत तीन रकाने कर: बीपी, वजन, आणि त्या दिवशी काय खारं खाल्लंस. दर रविवारी पानाचा फोटो मला पाठव. चवथीला येशील तोवर दोन-अडीच महिन्यांचे आकडे होतील, तेव्हा आपण दोघं बसून बघू आणि मग डॉक्टरांकडे नेऊ. चवथीला माझ्या घरी पाच भाज्यांचं खतखतं असेल आणि मीठ मी बेताचंच घालणार आहे, सगळ्यांसाठी.

बीपीचं यंत्र मी इथून घेऊन पाठवते. मनगटाचं नको, दंडाचं. तुझा दंड जाड आहे आणि पट्टा लहान पडला की आकडा खोटा जास्त दाखवतो. तेव्हा वैदेहीकडून खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर टेपने मोजून घे आणि किती सेंटीमीटर भरतो ते आज रात्रीच कळव, म्हणजे उद्या दुकानात जाऊन योग्य मापाचा पट्टा मागते.

तुझी,
आई