‘बंद करून चालू करा’ची चेष्टा करण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत इंटरनेट अडलं की काय करायचं यावर लेख होता, त्यात कॉम्प्युटरवाल्या पोरांची टिंगल केलीये की यांच्याकडे एकच औषध, बंद करा आणि चालू करा. मी पण हसले. पण मी डिप्लोमाच्या मुलांना ऑपरेटिंग सिस्टिम शिकवते आणि ही टिंगल वाचून ते म्हणणार की बघा मॅडम, यात शिकण्यासारखं काय आहे. म्हणून हे पत्र.

लेखात म्हटलंय की रिस्टार्ट केल्यावर “मेमरी साफ होते, बस”. बस नाही हो. नेटवर्क कार्डचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, सुरू होतो तेव्हा त्याचं जवळजवळ पहिलं काम कार्ड रिसेट करणं हेच असतं, कारण कार्ड आत्ता कुठल्या अवस्थेत आहे हे त्याला माहीतच नसतं. आधी बायोसने (मशीन सुरू होताना पहिला चालणारा प्रोग्रॅम) नेटवर्कवरून बूट करायचा प्रयत्न केलेला असेल, किंवा मशीनवर दोन सिस्टिम असतील आणि विंडोजने जाताना कार्ड झोपवून ठेवलं असेल. आधीचा भाडेकरू घर कसं सोडून गेलाय ते माहीत नसताना आपण कुलूप बदलतो ना, तसंच.

इंटेलच्या ८२५४एक्स मालिकेच्या गिगाबिट कार्डाचं बघा, लिनक्स सिस्टिममध्ये याचा ड्रायव्हर ई१००० नावाचा. आधी इंटरप्ट, म्हणजे कार्ड प्रोसेसरला मारतं त्या हाका, बंद करायचे, मग पाठवणं आणि घेणं दोन्ही बंद, जे काम मध्येच चालू असेल ते संपायला थोडा वेळ द्यायचा, आणि मग कंट्रोल रजिस्टरमधला (कार्डाला हुकूम द्यायची जागा) २६ नंबरचा, रिसेटचा बिट लावायचा. त्यानंतर परत थांबायचं. आणि परत एकदा इंटरप्ट बंद करायचे. मुलं हमखास विचारतात, दोनदा कशाला? कारण रिसेटनंतर कार्ड नेमकं कसं उठेल यावर विसंबून राहायचं नाही. मग मॅक अ‍ॅड्रेस (कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) वाचायचा, मेमरीत डिस्क्रिप्टरच्या रिंग मांडायच्या (डिस्क्रिप्टर म्हणजे पॅकेट मेमरीत कुठे आहे ते सांगणारी नोंद, एकेक १६ बाइटची), त्यांचे पत्ते कार्डाला द्यायचे आणि रिसीव्हर सगळ्यात शेवटी चालू करायचा.

शेवटी का, तर कार्ड प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीत लिहितं, ज्याला डीएमए म्हणतात. पत्ता चुकीचा असेल तर बाहेरून आलेलं पॅकेट दुसऱ्याच कुणाच्या तरी डेटावर जाऊन बसतं, आणि क्रॅश भलत्याच ठिकाणी होतो, मग तुम्ही शोधत बसा. केडम्पमध्ये, म्हणजे लिनक्स कोसळल्यावर त्याची मेमरी तपासासाठी जपून ठेवायच्या सोयीत, तर हे अगदी उघड दिसतं. एक कर्नल (सिस्टिमचा गाभा) कोसळला की दुसरा छोटा कर्नल त्याच मशीनवर लगेच उठतो, मध्ये पॉवर जात नाही की बायोस चालत नाही, त्यामुळे कार्डाला कळलेलंच नसतं की वर कर्नल बदललाय, ते आपलं जुन्या पत्त्यांवर लिहीतच असतं. म्हणून दुसऱ्या कर्नलसाठी मेमरीचा तुकडा आधीपासून राखून ठेवतात आणि त्याच्या ड्रायव्हरला सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

आता थांबण्याबद्दल. रिअलटेकचं ८१३९ कार्ड, एकेकाळी स्वस्त म्हणून घरोघरी असायचं. त्यात रिसेटचा बिट लावला की काम झाल्यावर कार्ड तो स्वतःच काढतं, आपण फक्त बघत राहायचं. माझे विद्यार्थी इथे बिनधास्त व्हाइल लूप (बिट निघेपर्यंत फिरतच राहणारा कोड) टाकतात, कार्ड मेलेलं असलं की मशीन कायमचं लटकलं. लिनक्सचा ड्रायव्हर मात्र जास्तीत जास्त १००० वेळा बघतो, दर वेळी १० मायक्रोसेकंद थांबून, आणि पुढे निघतो.

आणि चालू मशीनवर पाठवायची रांग ठरावीक वेळ अडकून राहिली, ड्रायव्हरने वेगळं सांगितलं नसेल तर ५ सेकंद, की लिनक्सचा वॉचडॉग (लक्ष ठेवणारा टायमर) ड्रायव्हरला हाक मारतो आणि बरेच ड्रायव्हर त्यावर कार्ड रिसेट करून सगळं परत मांडतात. म्हणजे ज्याची टिंगल केली तेच औषध कर्नल गुपचूप घेतो, आपल्याला फक्त नेट क्षणभर अडकल्यासारखं वाटतं.

अर्थात रिसेटने सगळंच बरं होतं असंही नाही. २००८ मध्ये लिनक्स २.६.२७ च्या चाचणी आवृत्त्या चालवणाऱ्या काही लोकांची इंटेलची ई१०००ई (ई१००० चा नव्या कार्डांसाठीचा भाऊ) ड्रायव्हरवाली कार्डं कामातूनच गेली, कारण कार्डाची स्वतःची माहिती जिथे असते ती चिपच खराब झाली होती, आता रिसेट करून वाचणार काय? सगळ्यांचा संशय नेटवर्क ड्रायव्हरवर. ऑक्टोबरमध्ये कळलं की चोर दुसराच, एफट्रेस नावाची, कर्नलमधलं कुठलं फंक्शन कधी चालतं ते टिपणारी नवी सोय. सुरुवातीला एकदाच चालणारा कोड काम झाल्यावर मेमरीतून काढून टाकतात, एफट्रेसने मात्र त्याचे जुने पत्ते धरून ठेवले होते आणि तिथे ते लिहायला गेलं, तोवर तो पत्ता कार्डाच्या चिपला मिळालेला होता. ड्रायव्हरमध्येच त्या चिपवर लिहिण्याला कुलूप मात्र चोर सापडण्याआधीच घातलं होतं.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की हे आपल्या पोरांना हाताने करायला द्या. प्रॅक्टिकलच्या वहीत बँकर्स अल्गोरिदम आणि जेवायला बसलेले पाच तत्त्वज्ञ ही पुस्तकी उदाहरणं दरवर्षी येतात, खरं डिव्हाइस कुणी शिवत नाही. खर्चाचं कारण तर सांगूच नका, क्यूएमू (कॉम्प्युटरमध्येच नकली कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्रॅम) फुकट आहे, त्यात ई१००० आणि ८१३९ दोन्ही नकली कार्डं मिळतात, आणि इंटेलचं मॅन्युअल कुणालाही वाचायला मिळतं. अमेरिकेत एमआयटीच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कोर्सला ई१००० ची लॅब आहे, तिथे रिसेट आणि इनिटचं (सुरुवातीच्या मांडणीचं) फंक्शन तयार देतात आणि पाठवणं-घेणं मुलांकडून लिहून घेतात. मी असते तर ते तयार फंक्शन पुसून तेच आधी लिहायला लावलं असतं. वार्षिक प्रोजेक्टसाठी शाळेच्या हजेरीचं अ‍ॅप सोडून हे घ्यायला कुठल्या कॉलेजची तयारी असेल तर मी मदतीला येईन, पत्ता तुमच्याकडे आहेच.

आपली एक वाचक,
सातारा